लांडग्याला हाक मारणारी काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. आरशाची नाही, खिडकीची नाही. रॉकेलच्या दिव्यावर बसते ती. खाली रुंद, मधे पोट सुटलेली, वर निमुळती, आणि दोन्ही तोंडांनी उघडी. माझ्या अंगावर एक तडा आहे, वरच्या काठापासून थेट पोटापर्यंत उतरलेला. तो कसा गेला हे सांगायला मी आज बसले आहे. तोंड तर माझे जन्मापासून उघडे आहे, पण कुणी फुंकल्याशिवाय त्यातून आवाज फुटत नाही. या एका उणिवेपायी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला.

दूर खाली मैदानातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एका घामाघूम माणसाने लोखंडी नळीच्या टोकाला तापलेला गोळा लावला आणि त्यात फुंकर घातली. त्याच्या श्वासाने मी फुगले. आम्ही बारा जणी पेंढा भरलेल्या एका पेटीत बसून डोंगराकडे निघालो. रस्ता असा, की पेटी उघडली तेव्हा दहा जणींचा चुरा झाला होता. उरलो दोघी, मी आणि माझी बहीण. बहिणीच्या गळ्यात एक बारीक बुडबुडा राहून गेला होता. त्यातून वारा गेला की आवाजाच्या शेवटी एक हलकीशी शीळ यायची. लक्षात ठेवा हं ती शीळ.

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात रिस्कुल नावाच्या पोराच्या आईने आम्हा दोघींना विकत घेतले. एक वापरायला, एक राखून ठेवायला. पण ती शहाणी बाई आम्हाला आळीपाळीने दिव्यावर बसवी, म्हणजे कुणीच झिजू नये. आमच्या उजेडात ती लोकर विंचरी, पोरे धडे गिरवीत. रोज संध्याकाळी ती जुन्या मऊ फडक्याने आमच्या पोटातली काजळी पुसायची आणि पुसताना गुणगुणायची. मग गावात विजेच्या तारा आल्या. दिवा माळ्यावर गेला, मागोमाग आम्हीही गेलो. कुणी निरोपसुद्धा घेतला नाही. माळ्यावर धूळ, उंदीर आणि घोड्याचे तुटके खोगीर, एवढीच काय ती सोबत.

बरीच वर्षे गेली. एके दिवशी रिस्कुल माळ्यावर चढला. आता तो दाढीमिशा आलेला गडी झाला होता. त्याने मला उचलले, बाहीने पुसले आणि ओठाला लावले. मी घाबरलेच. गावातल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने त्याला विद्या शिकवली होती. काचेच्या निमुळत्या तोंडातून ओरडायचे, रुंद तोंड तळहाताने हळूहळू झाकायचे, उघडायचे, की हुबेहूब लांडग्याची हाक निघते. दोन कोस लांबचा लांडगा तिला ओ देतो आणि हा नवा कोण उपटला हे बघायला येतो.

त्याच सुमाराला त्याचे लग्न झाले. नवी नवरी सआदत गोठ्यामागे लपून त्याचा सराव ऐके आणि तोंडात पदर कोंबून हसे. एकदा तो चिडला आणि म्हणाला, मग तूच करून दाखव. तिने माझ्या बहिणीला ओठाला लावले. काय सांगू तुम्हाला! अशी मादी ओरडली, की अंगणातला एवढा थोरला कुत्रा गाडीखाली शेपूट घालून बसला. रिस्कुल हसून हसून खाली बसला. तेव्हापासून दोघे जोडीने जाऊ लागले. तो एका कड्यावर नर होऊन हाक देई, ती समोरच्या कड्यावर मादी होऊन. लांडगे मधल्या घळीत येत, आणि तिथे बंदूक वाट बघत असे.

आधी हे गावासाठी होते. लांडग्यांनी हिवाळ्यात मेंढ्या फाडल्या, की लोक रिस्कुलच्या दारी येत. माझे कौतुक काय, ते विचारू नका. म्हातारे मला हातात घेऊन फिरवून बघत. पुढे लांबच्या देशांतले हौशी शिकारी येऊ लागले, आणि रिस्कुल त्यांचा वाटाड्या झाला. मी फुशारले होते. पण खरे सांगते, मित्रांनो, आतून मला कधी बरे वाटले नाही. तो लांडगा बिचारा आपल्यासारखा कुणी हाक मारतोय म्हणून यायचा. आम्ही त्याच्याच आवाजात त्याच्याशी खोटे बोलायचो.

रिस्कुलचे दोन नियम होते. पहिला, हाक सुरू झाली की डोंगरावर माणसाचा शब्द निघता कामा नये. दुसरा, बंदूक वाजली की लांडग्याचाही आवाज काढायचा नाही. जिथे असशील तिथे गप्प बसायचे, मी येऊन घेऊन जाईन. कारण टोळीतले बाकीचे लांडगे अजून आसपास असतात. एका वर्षी सआदतने गोळी ऐकली आणि आनंदाच्या भरात समोरून विचारले, "लागला का हो?" घळीत उतरणारे दोन लांडगे गर्रकन वळून पसार झाले. त्या संध्याकाळी पाहुणे जेवायला बसले असताना रिस्कुल तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या जिभेला हाड नाही." तिच्या हातात चहाचा वाडगा होता. तो तिने पाहुण्यापुढे ठेवला आणि बाहेर निघून गेली. त्या दिवसापासून ते दोन नियम तिने असे पाळले, की डोंगरावर ती शिंकायचीसुद्धा नाही.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. त्या गावात बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. सासरच्या थोरल्यांचेही घेत नाही. तिच्या मोठ्या दिराचे नाव बुलाक, म्हणजे झरा. म्हणून ती डोंगरातल्या झऱ्यालाही 'वाहतं पाणी' म्हणायची. नवऱ्याला हाक मारायची तर 'जिपारचे बाबा'. जिपार त्यांची मुलगी, लग्न होऊन शहरात गेलेली. तोही बायकोला 'जिपारची आई' म्हणे. तीस वर्षांच्या संसारात त्या दोघांनी एकमेकांची नावे एकदाही उच्चारली नव्हती. मी घरातच होते, मला ठाऊक आहे.

आता त्या दिवसाकडे येते. सांगायला नको वाटते, पण सांगते.

हिवाळा सरत आला होता. हेनिंग नावाचा एक पाहुणा आला होता. उंच, शांत, गुडघे दुखणारा माणूस. वाईट नव्हता हो. सआदतने वाढलेले सगळे खायचा आणि आपला वाडगा आपण विसळायचा. तीन दिवस आम्ही पायथ्याच्या टेकड्यांत फिरलो. एक लांडगा दिसला नाही, की एकाने ओ दिली नाही. चौथा दिवस शेवटचा. पाहुणा तोंडाने काही बोलत नव्हता, पण रिस्कुलला घास गिळवत नव्हता. खालच्या आळीतला एक जण त्याला आदल्या दिवशी म्हणाला होता, की रिस्कुलदादा, आता लांडग्यांनाही तुमचा आवाज पाठ झाला वाटतं. ते त्याच्या काळजात रुतून बसले होते.

त्या सकाळी सआदत तळलेल्या कणकेचे तुकडे पिशवीत भरत होती. दारातून तिने डोंगराकडे पाहिले आणि म्हणाली, "आज नको जायला. डोंगराने ढगांची टोपी डोळ्यांवर ओढलीय."

"तुला काय डोंगराच्या टोप्या मोजायला नेतोय?" रिस्कुल म्हणाला.

ती काय म्हणते, असे पाहुण्याने विचारले. रिस्कुल त्याला मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाला, की ती म्हणते आज दिवस चांगला आहे. सआदतला तेवढे रशियन कळत होते. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले, मग माझ्या बहिणीला लोकरीच्या मोज्यात घालून कोटाच्या आत ठेवले आणि घोड्यावर बसली. मला रिस्कुलने छातीशी खोचले. बहिणीला मी धड निरोपही देऊ शकले नाही.

दुपार उलटल्यावर आम्ही जागेवर पोचलो. रिस्कुल आणि पाहुणा अलीकडच्या कड्यावर बर्फात पालथे पडले. सआदत घळीला वळसा घालून पलीकडच्या कड्यावर गेली. रिस्कुलने हाक दिली. पलीकडून सआदतची ओ आली, नेमकी, गोड. अशी तीन वेळा हाक झाली. आणि मग मावळतीकडून बर्फ आले. झुळूक नाही, सूचना नाही. समोरचा कडा होता तो दिसेनासा झाला. घळ गेली. आमच्यापुढची झुडपे गेली. वारा असा सुटला, की माझ्या पोटात आपोआप हुंकार भरू लागला.

त्याच वेळी उठायला हवे होते. रिस्कुललाही ते कळत होते. त्याचे हृदय माझ्यावर धडधडत होते, मला कसे कळणार नाही? तो अर्धवट उठला, पाहुण्याकडे पाहिले आणि परत पालथा पडला. ती खडकाच्या आडोशाला बसली असेल, असे स्वतःशीच पुटपुटला. थोडे थांबू, पाऊण घटकेत निवळेल. आणि त्याने परत हाक दिली. पलीकडून काही आले नाही. परत दिली. काही नाही.

तिसऱ्या वेळी ओ आली. पण समोरून नाही. डावीकडून, खालून, घळीतून, अगदी जवळून. तुटक, थकलेली मादीची हाक होती ती, आणि तिच्या शेवटी एक हलकीशी शीळ होती.

मित्रांनो, मी ओळखली. ती माझी बहीण होती. मागाहून कळले, की सआदतचा घोडा बर्फात घसरून तिला टाकून पळाला होता. तिचा पाय मुरगळून सुजला होता, उभे राहता येत नव्हते, आणि ती नवऱ्याच्या हाकेच्या रोखाने रांगत येत होती. माणसाचा शब्द काढायचा नाही हा नियम. म्हणून ती मरणाच्या दारातून लांडग्याच्या आवाजात मदत मागत होती.

मी ओरडायचा प्रयत्न केला. कसे ओरडणार? माझ्या तोंडाशी रिस्कुलचे ओठ नव्हते. त्याने मला बाजूला ठेवले होते, कारण त्याच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू आले होते. सआदत तर समोरच्या कड्यावर आहे, मग ही खालची कोण? खरी मादी! त्याने पाहुण्याच्या खांद्यावर दोनदा बोट टेकवले. ती त्यांची खूण होती. मग त्याच बोटाने त्याने खाली दाखवले.

उडत्या बर्फात काहीतरी काळपट, बुटके, चार पायांवर चालत येत होते. पाहुण्याने श्वास रोखला. मी तिथे होते आणि मला काहीच करता आले नाही. बंदूक वाजली.

नियमाप्रमाणे दोघे हलले नाहीत. कुठून काही आवाज येतो का ते ऐकत राहिले. कुठून काही आले नाही. मग रिस्कुलने मला उचलले आणि दोघे खाली उतरले. लांडगा नव्हता, रक्तही नव्हते. बर्फावर एक तपकिरी हातमोजा पडला होता, लाल काठाचा. रिस्कुलच्या आईने सआदतला विणून दिलेला. बाजूला बर्फात खड्डे होते. पंजांचे नव्हते, गुडघ्यांचे होते. आणि बघता बघता ते बुजत चालले होते.

रिस्कुलने तो उचलला. पाहुण्याने हातमोज्याकडे पाहिले, रिस्कुलकडे पाहिले, आणि त्याला सगळे कळले. त्याच्या हातातून बंदूक गळून पडली. "मी? मी मारलं?" तो परत परत विचारत होता.

"दाखवली मी," रिस्कुल म्हणाला.

मग शोधाशोध सुरू झाली. तिला शोधाशोध तरी कशी म्हणावी? हात लांब केला तर बोटे दिसत नव्हती. दोघे कमरेला एकच दोर बांधून आंधळ्यासारखे चाचपत फिरत होते. खुणा पुसल्या गेल्या होत्या. रिस्कुलने मला ओठाला लावले आणि काय केले? परत लांडग्याची हाक दिली! तीस वर्षांची सवय. अरे, मी आत तळमळत होते, गोळी वाजलीय ना? गोळी वाजली की गप्प बसायचे, हे तूच तिला सांगितलेस ना? ती कशी ओ देईल तुला?

तिसऱ्या हाकेनंतर तो एकदम थांबला. मला खाली घेतले. "ती बोलणार नाही," तो पुटपुटला. "जिवंत असली तरी नाही बोलणार. मीच तिचं तोंड शिवलंय."

मग तो माणसाच्या आवाजात ओरडू लागला. जिपारची आई, जिपारची आई! पण एवढे लांबलचक बोलणे वाऱ्यापुढे कुठे टिकते? 'जिपार' एकीकडे, 'आई' दुसरीकडे. उजेड कमी होत चालला होता. पाहुणा रडत होता आणि हातांनी बर्फ उकरत होता, जिथे काही नव्हते तिथेच उकरत होता. रिस्कुलने मला परत ओठाला लावले, डोळे मिटले, आणि माझ्यातून ओरडला, "सआदत!"

इतकी वर्षे मी फक्त लांडग्याचे खोटे बोलले होते. पहिल्यांदाच माझ्यातून एका माणसाचे नाव गेले, तेही गरम श्वासासकट, गोठलेल्या काचेतून. कडकन मला तडा गेला. मला दुखले नाही असे म्हणणार नाही. पण मी फुटले नाही. अजून एकदा ओरड, अजून एकदा, एवढेच मी म्हणत होते. तो ओरडला. दहादा, पंधरादा. ओठ कापले, माझ्या काठावर रक्त गोठले. काहीच उत्तर नाही.

ती ऐकत होती, मित्रांनो! हे मागाहून तिनेच सांगितले. ती आमच्यापासून चाळीस पावलांवर, जुनिपरच्या झुडपाखाली घरंगळून पडली होती. गोळी तिच्या कोटाच्या घोळातून आरपार गेली होती. सआदत पोटावर आदळली तेव्हा तिच्या छातीखाली माझ्या बहिणीचा चुरा झाला. आधी ती नियम पाळून गप्प राहिली. मग तिला तिचे नाव ऐकू आले, आणि ती आणखीच गप्प झाली. कारण तिची आजी सांगायची, बर्फात माणूस मरायला टेकला की डोंगर त्याला नावाने हाक मारतो, तेव्हा ओ द्यायची नाही. आणि नवरा तर जन्मात कधी तिला नावाने हाक मारत नव्हता. म्हणजे हा डोंगरच. तिने डोळे मिटून घेतले. तिला आता थंडीसुद्धा वाजत नव्हती.

रिस्कुलचा आवाज बसला. तो गुडघ्यांवर आला. आणि मग, का कोण जाणे, तो हाक मारायचा थांबला आणि माझ्यातून बोलू लागला, जसे चुलीपाशी बसून बोलावे तसे, फक्त घसा फोडून.

"अगं, जिभेला हाड नाही म्हणालो ना मी तुला? सगळ्यांसमोर? चुकलं माझं. त्याच दिवशी म्हणायला हवं होतं. सकाळी पाहुण्याला खोटं सांगितलं, तेही चुकलं. नियम गेले खड्ड्यात. बोल काहीतरी. शिव्या दे. माझं नाव घे."

वाऱ्याचा एक झोत गेला. मग दुसरा. आणि झुडपाखालून अगदी बारीक, पण स्पष्ट आवाज आला.

"रिस्कुल."

डोंगर काहीही करेल, पण माफी मागणार नाही, असे तिने पुढे शेजारणींना हसत हसत सांगितले. तेव्हा मात्र कुणी हसत नव्हते. रिस्कुल चार पायांवर धावला. आमचे घोडेही वादळात पांगले होते, म्हणून पाहुण्याने तिला पाठीवर घेतले, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी तो खालच्या पहिल्या मेंढवाड्यापर्यंत एकदाही थांबला नाही. त्याची बंदूक वरच राहिली. उन्हाळ्यात एका मेंढपाळाला ती सापडली, गंजलेली. पाहुण्याने कधी मागवली नाही.

रिस्कुल पुन्हा कुणाला लांडग्यांवर घेऊन गेला नाही. आता तो मेंढवाड्याच्या भिंती उंच करतो, कुत्री पाळतो. लांडगे हाका देतात ते लांबून ऐकतो, ओ देत नाही. सआदत मात्र आता अंगणातून त्याला नावाने हाक मारते. मीठ संपले तरी रिस्कुल, वासरू सुटले तरी रिस्कुल. थोरली जाऊ नाक मुरडते. तो तोंडात घास असला तरी ओ देतो, आणि लगेच देतो.

मी खिडकीत असते. माझ्या शेजारी बशीत बहिणीच्या गळ्याचा तुकडा आहे, तोच, बुडबुड्याचा. सआदतने तो बर्फ वितळल्यावर स्वतः जाऊन शोधून आणला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला गार असताना एकदम तापवू नका. कोरड्या फडक्याने पुसा, घाईने दाबू नका. आणि तुम्ही कधी कुणाला गप्प बस म्हणाला असाल आणि तो अजून गप्पच असेल, तर तो आपणहून बोलेल म्हणून वाट बघत बसू नका. तुम्हीच जा. आपल्या आवाजात, त्याच्या नावाने हाक मारा. उजेड आहे तोवर मारा.

बाकी माझे बरे चालले आहे. रोज सकाळी सआदत मला पुसते, तड्यावरून फडके अगदी हलक्या हाताने फिरवते. हातमोजा गळून पडला होता त्या हाताची दोन बोटे त्या दिवशी बर्फाने गेली. ती मला आठ बोटांनी पुसते.